साथ, समाजसेवक आणि रुग्णालयाचे दार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रुग्णालयावर लेख लिहिला म्हणजे तो एका खाटेमागे रोजचा खर्च किती येतो ते काढणार, असा वाचकांचा समज व्हावयाचा. तो समज अगदीच चुकीचा नाही. कारण रुग्णालयातील समाजसेवक हा मूळचा हिशेबाच्या खात्यातलाच माणूस आहे. इ. स. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक केली, ती फुकट औषध नेणाऱ्यांपैकी पैसे देण्याची ऐपत कोणाची आहे हे शोधून काढण्यासाठी. बाईंनी चौकशी आरंभली आणि त्यांना आढळले ते असे की, लबाडी करणारे थोडे व खरोखर नडलेलेच पुष्कळ. पुढे चौकशीचे काम मागे पडत गेले व मदतीचे वाढत गेले. दहा वर्षांनी, १९०५ मध्ये, अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेवेचा स्वतंत्र विभाग काढला. रोगी राहतो कोठे, खातो काय, काम कोणते करतो हे ठाऊक नसेल, तर नुसत्या औषधाने भागत नाही, अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे विद्यालय निघाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आणि १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

त्याच १९४६ साली ग्वाल्हेरला गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रस्तुत लेखात मी ग्वाल्हेर डोळ्यांपुढे ठेवले आहे. शिंद्यांचे गाव म्हणून मराठी माणसाला त्याची ओढ आहे हे एक कारण झाले. पण खरे कारण निराळे. या महाविद्यालयाला जोडलेले जयारोग्य रुग्णालय हे एका शहराचे रुग्णालय नव्हे. भिंड, मुरैना, श्योपूर, शिवपुरी, दतिया अशा जिल्ह्यांतून तर रुग्ण येतातच, पण चंबळ ओलांडून राजस्थानातल्या धौलपूरकडून आणि उत्तर प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांतूनही येतात. आपल्या भागातल्या वाचकांनी मिरज आठवावी. अथणी-चिकोडीकडची मंडळी उपचारासाठी मिरजेला येतात, घरचे कानडी बोलत दवाखान्यात शिरतात आणि मराठीतली चिठ्ठी घेऊन बाहेर पडतात. सीमेवरच्या रुग्णालयात रोग्याचे घर दूर असते, सरकार वेगळे असते, कार्डावरचे नियम वेगळे असतात, कित्येकदा भाषाही वेगळी असते. अशा ठिकाणी डॉक्टर व घर यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावेच लागते.

साथ नसतानाचे हे काम आधी पाहू. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. नाव ऐकून एखादा मोठा साहेब असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो ओपीडीजवळच्या लहानशा खोलीत बसलेला असतो व बाकावर चार-सहा माणसे ताटकळत असतात. कोणाजवळ रेशनकार्ड नाही, कोणाच्या कार्डावर नाव चुकले आहे, कोणाला शस्त्रक्रियेचे सामान बाहेरून आणावयाचे आहे पण पैसे नाहीत, कोणी रोग्याला सोडून निघून गेले आहे. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत 'पुअर बॉक्स' नावाचा निधी असतो. त्यातून मदत द्यावयाची तर समाजसेवकाने घरची परिस्थिती विचारून टिपण लिहावे लागते. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते व १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. नियम चांगला आहे. पण दारात उभा असलेला माणूस निर्धन आहे की दुर्बल, हे ठरवावयाला तहसीलदाराचा दाखला लागतो, आणि तो दाखला कोठे मिळतो हे सांगावयाला माणूस लागतो. ग्वाल्हेरकडे आयुष्मान कार्डाच्या बाबतीत हेच घडते.

या कामाची हत्यारे, म्हटली तर, तीन. रोग्याच्या उशाशी बसणे, त्याच्या नातेवाइकांशी बोलणे, आणि कागद जमवणे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ही तिन्ही हत्यारे एकदमच बोथट झाली. उशाशी बसता येईना, कारण कोविडच्या वॉर्डात काम असेल त्यानेच, तेही संरक्षक पोशाखात, जावयाचे. नातेवाइकांना तर दारातच थांबवले. ग्वाल्हेरला जयारोग्यच्या आवारातील सुपर स्पेशालिटीची इमारत कोविडसाठी वापरात आली. एरवी या आवारात रोग्याबरोबर घरची दोन-तीन माणसे असावयाचीच. खाली सतरंजी, शेजारी डबा, स्टीलचा तांब्या. आता मात्र रोगी आत व घर बाहेर. आणि कागद? तहसील कचेऱ्यांचे नेहमीचे काम थंडावले, गाड्या बंद पडल्या, झेरॉक्सचे दुकानसुद्धा उघडे सापडेना.

डॉक्टर-परिचारिकांनी त्या काळात काय केले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. समाजसेवकाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्याने काय केले? थोडक्यात सांगावयाचे तर त्याने आपले बाक उचलून टेलिफोनवर नेले. पण हे वाक्य लिहिणे सोपे आहे. फोनवरचे काम समोरासमोरच्या कामापेक्षा किती निराळे असते ते जरा विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण साऱ्या बदलाचे मर्म तेथेच आहे.

समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. ऐकता ऐकता त्याचे लक्ष उडाले, डोळे भरले, की बोलणारा थांबतो. फोनवर हे काहीच कळत नाही. म्हणून पहिली गोष्ट, फोन करणाऱ्याने आपण कोण, कोठून बोलतो हे सांगून आधी विचारावयाचे की, आपण कोण बोलता आहात आणि जवळ आणखी कोणी आहे काय. रुग्णालयातून फोन आला एवढ्यानेच समोरच्याच्या पोटात गोळा येतो; तेव्हा रोग्याची प्रकृती जैसे थे असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे, म्हणजे पुढचे त्याच्या कानांत शिरते. दुसरी गोष्ट, घरातल्या एकाच माणसाचे नाव लिहून घेऊन त्यालाच रोजची खबर द्यावयाची. नाही तर मुलगा एक ऐकतो, जावई दुसरे ऐकतो, आणि संध्याकाळपर्यंत घरात भांडण उभे राहते. तिसरी, फोनची वेळ ठरलेली असावी. पाच वाजता फोन येणार हे ठाऊक असेल तर माणूस दिवसभर फाटकापाशी उभा राहत नाही. आणि त्या दिवसांत फाटकापाशी गर्दी होणे हाच एक धोका होता. चौथी गोष्ट थोडी अवघड आहे. प्रकृती पुढे कशी होईल हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरचा, समाजसेवकाचा नव्हे. वाईट बातमी डॉक्टरनेच द्यावयाची. पण डॉक्टरने फोन ठेवल्यावर पलीकडे जो माणूस उरतो त्याच्याशी बोलत राहणे हे समाजसेवकाचे काम. तेथे समजूत घालण्याची घाई उपयोगाची नसते. फोनवरची शांतता फार लांब वाटते. ती सहन करावी लागते.

भाषेचा प्रश्न येथे किती मोठा होतो हे आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांना सांगावयास नको. बाजारात, कचेरीत दुसरी भाषा सफाईने बोलणारा माणूस रडू लागला की घरच्या भाषेत रडतो. चंबळच्या खेड्यातली म्हातारी ब्रज किंवा बुंदेली वळणाची बोली बोलणार. तिला दवाखान्याची हिंदी अर्धीच कळणार. शिवाय काही शब्द असे की ज्यांचा अर्थ दोन बाजूंना दोन. 'आयसीयूत हलवले' याचा डॉक्टरच्या लेखी अर्थ, आता अधिक लक्ष ठेवता येईल. ऐकणाऱ्याच्या लेखी अर्थ, आता संपले. 'निगेटिव्ह' हा शब्द तर गमतीचाच. चांगली बातमी देणारा शब्द वाईट वाटतो. म्हणून सांगितलेले समोरच्याकडून एकदा त्याच्या शब्दांत म्हणवून घ्यावे, ही जुनीच रीत फोनवर फार उपयोगी पडली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने मार्च २०२० च्या अखेरीस मानसिक आधारासाठी देशव्यापी हेल्पलाइन चालू केली. टाटा संस्थेची 'आय-कॉल' ही सेवा तर २०१२ पासूनच फोनवर चालत होती. तेव्हा फोनवरून धीर देण्याची विद्या आपल्याकडे अगदीच कोरी नव्हती. मात्र ती रुग्णालयाच्या वॉर्डापर्यंत पोहोचलेली नव्हती.

वॉर्डातून रोग्याचा आवाज बाहेर आणणे हे आणखी एक काम. ज्याला बोलता येते त्याच्या घरचा व्हिडिओ कॉल जोडून द्यावयाचा. फोन धरणारा हात बहुधा परिचारिकेचा किंवा वॉर्डबॉयचा असे. समाजसेवक बाहेर बसून वेळा जुळवी, घरच्यांना आधी सांगून ठेवी की, तोंडावर मास्क व नळ्या दिसतील, घाबरू नका, आणि लहान मुलांना समोर आणावयाचे की नाही हे तुम्ही ठरवा. पाच मिनिटांच्या त्या कॉलपूर्वीची ही दोन मिनिटे कोणत्याच नोंदवहीत सापडावयाची नाहीत. खर्चाच्या लेखाशास्त्रात आम्हांला अप्रत्यक्ष खर्च शिकवतात. अप्रत्यक्ष सेवेचा रकाना मात्र कोठे पाहिलेला नाही.

एवढे सारे एका निरोपासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने पुण्याची प्लेगची हकीकत वाचावी. १८९७ मध्ये रँडच्या हाताखाली सोल्जर घरोघर झडत्या घेत, आजारी दिसेल त्याला इस्पितळात व त्याच्या माणसांना वेगळ्या छावणीत नेत. लोक आजारी माणसे लपवू लागले. अज्ञान हे त्याचे कारण सांगण्यात येते, ते होतेही. पण घरातून उचलून नेलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे ज्याला कळत नाही, तो दुसऱ्या वेळी आजार उघड का करील? त्याच वर्षी सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला सासाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. येथे मला त्यांच्या त्यागापेक्षा दुसरीच गोष्ट सांगावयाची आहे. झडतीच्या त्या दिवसांत जेथे घरच्या माणसाच्या ओळखीचे कोणी आहे असा हा दवाखाना होता. सरकारी इस्पितळात औषध तेच, पण मध्ये ओळखीचे कोणी नाही. समाजसेवक हे पद निघण्याच्या पन्नास वर्षे आधी ते काम असे चालले होते.

२०२० साली झडत्या नव्हत्या, पण दारावर पोस्टर लावण्याची रीत पडली. रोगी बरा होऊन घरी जाई आणि शेजारी पाणी भरू देईनात, घरमालक खोली रिकामी करा म्हणे. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी सांगितले की, सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज घराबाहेर अशी पोस्टरे लावू नयेत. तोवर बहुतेकांचे भोगून झाले होते. रुग्णालयातून घरी सोडताना पुढची व्यवस्था लावणे हे समाजसेवकाचे नेहमीचेच काम. त्यात आता नवी कलमे शिरली. घरात वेगळी खोली आहे काय, संडास एकच आहे काय, घरमालकाचा फोन नंबर काय, गावच्या सरपंचाशी बोलावे काय, आणि बोलावयाचे तर रोग्याची संमती घेतली काय. हे शेवटचे कलम महत्त्वाचे. मदतीच्या भरात गावभर बातमी करणारे पुष्कळ भेटतात.

आणि ज्याला घरच जवळ नाही त्याचे काय? आग्रा-मुंबई रस्ता ग्वाल्हेर, शिवपुरीवरून जातो. एप्रिल-मे २०२० मध्ये महाराष्ट्र, गुजरातेतून उत्तर प्रदेश-बिहारकडे निघालेले मजूर या रस्त्याने पायी, सायकलने, ट्रकच्या टपावर बसून गेले. श्रमिक विशेष गाड्या १ मे पासून सुटू लागल्या, तरी रस्ता वाहतच होता. त्या मे महिन्यात शिवपुरीजवळ घडलेली घटना वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली असेल. सुरतेहून बस्ती जिल्ह्यातील आपल्या गावी ट्रकने निघालेला एक तरुण कामगार वाटेत तापाने फणफणला. इतरांच्या भीतीपायी त्याला खाली उतरावे लागले. त्याच्याबरोबर त्याचा मित्रही उतरला आणि रस्त्याच्या कडेला त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला. एक हिंदू, एक मुसलमान, म्हणून त्या छायाचित्राचा फार बोलबाला झाला. तो तरुण शिवपुरीच्या रुग्णालयात वारला. रुग्णालयाच्या नजरेने पाहिले तर तो मित्र म्हणजे रोग्याचा एकमेव नातेवाईक होता. नाव, गाव, आजार केव्हा सुरू झाला, घरचा फोन, सारे त्याच्यापाशी. अर्जावर नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहिले तर चालते की नाही? असा प्रश्न रात्री अकराला पडतो आणि त्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात पाहून देता येत नाही. चांगला समाजसेवक 'चालते' म्हणतो व मागाहून टिपण लिहितो, असे मला वाटते.

मृत्यूनंतरच्या कामाविषयी लिहिणे जड जाते, पण टाळून चालणार नाही. केंद्रीय आरोग्य खात्याने १५ मार्च २०२० रोजीच मृतदेहाविषयी सूचना काढल्या होत्या. त्यांत स्पष्ट म्हटले होते की, नातेवाइकांना शेवटचे दर्शन घेण्यासाठी पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडावी. स्पर्श न करता मंत्रपठण करावयास, पवित्र पाणी शिंपडावयास हरकत नाही. आणि अस्थींपासून काही धोका नसल्यामुळे त्या गोळा कराव्या. ही चार वाक्ये किती घरांपर्यंत पोहोचली? अस्थी नेता येतात हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी त्या आणल्या नसतील. या सूचना सोप्या भाषेत, दुःखाच्या त्या घटकेला, आवाज न चढवता सांगणारा माणूस हवा होता. जेथे समाजसेवक होता तेथे त्याने सांगितल्या, जेथे नव्हता तेथे शववाहिकेच्या चालकाने आपल्या समजुतीप्रमाणे सांगितल्या.

आता कागदांकडे येऊ. माझ्या शाखेचा विषय म्हणून मी येथे थोडा रेंगाळणार आहे. महाराष्ट्राने मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व रहिवाशांना खुली केली; पिवळे, केशरी, पांढरे असा रेशनकार्डाचा भेद तेवढ्यापुरता उरला नाही. म्हणजे १८९५ पासून चालत आलेला 'तुझी ऐपत किती' हा प्रश्नच काही काळ मिटला. समाजसेवकाचा निम्मा वेळ त्यामुळे मोकळा झाला असेल असे वाटते. पण एक कागद गेला की दुसरा येतो. आता प्रश्न निघाला तो मृत्यूच्या कारणाचा.

सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निकाल दिला की, कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह साहाय्य देण्यासाठी मार्गदर्शक नियम करावेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०२१ मध्ये दर मृत्यूमागे ५०,००० रुपये ठरवले. ही रक्कम राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाची. न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यास मान्यता दिली. चाचणीच्या किंवा निदानाच्या दिवसापासून ३० दिवसांत मृत्यू आला, मग तो रुग्णालयाबाहेर आला असला तरी, तो कोविडचा धरावा. रोगी रुग्णालयातच राहून ३० दिवसांनंतर वारला तरीही धरावा. दाखल्यावर कारण बरोबर लिहिलेले नसेल तर जिल्हा समितीकडे दाद मागावी. अर्ज व कागद पूर्ण असल्यास ३० दिवसांत पैसे बँकेत जमा व्हावे.

नियम वाचताना तो न्याय्य वाटतो, आणि तो आहेच. पण अर्जदाराच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट. त्या घाईत चाचणीचा कागद रुग्णालयाच्या फायलीत राहिला, किंवा फोनवर नुसता संदेश आला आणि तो फोन रोग्याच्याच खिशात होता. मृत्यूच्या दाखल्यावर 'श्वसनक्रिया बंद पडणे' एवढेच. पाच महिन्यांनी सरकार म्हणते, पुरावा आणा. भिंडच्या खेड्यातल्या विधवेने तो कोठून आणावा? मृत्यूच्या दिवशीच ज्याला कोणी सांगितले होते की, 'हा चाचणीचा कागद व हे केस पेपर झेरॉक्स करून घरी जपून ठेवा, पुढे लागतील,' त्याचे काम एका फेरीत झाले. ज्याला कोणी सांगितले नाही त्याला रुग्णालय, नगरपालिका, जिल्हा कचेरी अशा किती फेऱ्या पडल्या असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. ते एक वाक्य बोलावयाला अर्धे मिनिट लागते. आणि ५०,००० हा आकडाही शेवटचा नव्हे. आई-वडील दोन्ही गेलेल्या मुलांसाठी मध्य प्रदेशाने मे २०२१ मध्ये दरमहा ५,००० रुपयांची योजना जाहीर केली. महाराष्ट्राने अशा मुलांच्या नावे ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचे ठरवले. केंद्राने २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळतील अशी तरतूद केली. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा, पण पाया तोच: मृत्यूचा दाखला आणि जपून ठेवलेले कागद.

या फोनच्या कामाला एक मोठी मर्यादा आहे, ती सांगितलीच पाहिजे. नाही तर फोन म्हणजे सर्वांवर उतारा असे वाटावयाचे. फोन घराचा नसतो, घरातल्या कोणाचा तरी असतो. बहुधा पुरुषाचा. टाळेबंदीत बायकांच्या छळाच्या तक्रारी वाढल्या आणि राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये तक्रारीसाठी व्हॉट्सअॅपचा नंबर दिला. रुग्णालयात बाकावर बसलेल्या बाईला नवऱ्याला जरा चहा आणावयास पाठवून विचारता येत असे की, हा हात कसा मोडला? फोनवर नवरा शेजारीच. म्हणून प्रश्नांची घडण बदलावी लागली. 'आता बोलता येईल का? हो किंवा नाही एवढेच सांगा.' 'उद्या दुपारी फोन करू का?' ज्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते आणि तो शब्द ऐकून शेजारच्याला काही उमगत नाही, असे प्रश्न तयार करणे ही मला तरी मोठी कारागिरी वाटते. ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेसारख्या ठिकाणी तर अडचण दुहेरी. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची व ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले होते. अशा रुग्णालयात बरे झालेल्या रोग्याचे घर शोधून काढणे हे समाजसेवकाचे मुख्य काम असते, आणि कैक वेळा पत्ता जुना, फोन बंद. गावी माणूस पाठवल्याखेरीज तेथे इलाज नाही.

स्वतः समाजसेवकाचे काय, हा प्रश्न राहिला. दिवसाला तीस-चाळीस घरांचे रडणे ऐकणाऱ्याने घरी जाऊन काय करावे? मनोरुग्णांच्या समाजसेवकाची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. त्याला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व त्यावर एम. फिल. लागते. साध्या रुग्णालयातील समाजसेवकाची कायद्याने दखल घेतली ती मार्च २०२१ मध्ये, साथ ऐन भरात येत असताना, जेव्हा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात वैद्यकीय समाजसेवकाचे नाव आले. नोंद झाली हे बरे. पण नाव परिशिष्टात आले म्हणून पद भरले जाते असे नाही; अर्थसंकल्पात पगाराची रक्कम धरली म्हणजे भरले जाते, हे आम्हां वाणिज्यवाल्यांना कोणी सांगावयास नको.

साथ ओसरली आणि बाक पुन्हा ओपीडीजवळ आले. फोन मात्र ठेवून देऊ नये. श्योपूरच्या क्षयरोग्याला दर वेळी ग्वाल्हेरला बोलावणे म्हणजे त्याची दोन दिवसांची मजुरी बुडवणे. त्याला आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. ते खात्यात जमा झाले की नाही, गोळ्या चालू आहेत की नाही, खोकल्यात पुन्हा रक्त आले काय, हे महिन्यातून दोनदा फोनवर विचारता येते. रोगी जर बाई असेल तर दोन प्रश्न आधी: हा फोन कोणाचा आहे, आणि पासबुक कोणाजवळ असते.